नवसाची पोर

"ह्या पोरीकडं बघा जरा! वाघीण हाय का न्हाई, तुमीच सांगा!" असं म्हणत वैजंतानं प्राचीला दंडाला धरून तानूआजीच्या पुढ्यात उभी केली.

प्राची म्हणजे वैजंताची थोरली, सहा वर्षांची. तोंडात पेरूची फोड, गुडघे खरचटलेले, कमरेपर्यंत वाढलेल्या केसांत गवताच्या काड्या. तानूआजीनं तिला वरून खाली न्याहाळलं. आजीची सून मालन तान्ह्या लेकीला छातीशी धरून दारात उभी होती. आणि मी, सुलन, वस्तीची आशाबाई, म्हणजे घरोघर फिरून लशीला पोरं जमवणारी, अंगणात गप उभी. आजीनं मला आत या म्हटलंच नव्हतं. मी पडले सुईवाली. मी दारात दिसले की म्हाताऱ्या नातवंडांना पदराखाली घ्यायच्या.

"हिला टोचलंय?" आजीनं विचारलं.

"टोचलंय म्हंजे! गोवराचं टोचलंय, सगळंच टोचलंय. माहेरी हुते तवाच टोचून घेतलं. एक दिस अंग कोमट झालं, दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन उंडारायला मोकळी."

"आन् पोरीचं कान का गं मोकळं?"

"नवसाची हाय न्हवं! आत्याबाईंनी मरीआईला बोललंय. सात वर्सं झाली की देवळापुढंच कान टोचायचं, तितंच जावळ काढायचं."

"मग बराबर हाय," आजी म्हणाली. मीही मान डोलावली. आमच्या माळावर असे नवस कुणी ना कुणी बोलायचंच, त्यात नवल ते काय?

मालननं लेकीचं तोंड पदरानं पुसलं आणि हळूच म्हणाली, "वैजंताकाकू म्हणत्यात तर बुधवारी आणते मी."

आजीनं नाही म्हटलं नाही, म्हणजे हो. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

आमचा माळ म्हणजे मेंढपाळांची वस्ती. दिवाळी झाली की गडीमाणसं मेंढरं घेऊन लांब मुलखात जायची. मागं राहायच्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि शेरडं. घरात शब्द चालायचा तो सासवांचा. आणि कुठलीही नवी गोष्ट आधी दुसऱ्यानं करायची, मग आपण, अशी सगळ्यांची रीत. नळाचं पाणीसुद्धा पहिले आठ दिवस कुणी प्यायलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोटात दुखतंय का ते बघत बसले होते.

लस देणाऱ्या नदाफ सिस्टर महिन्यातून एकदा बुधवारी यायच्या. खांद्याला बर्फाची पेटी लटकवून बिरोबाच्या देवळापाशी बसायच्या आणि बरेचदा तशीच भरली पेटी घेऊन परत जायच्या. त्या कधी चिडायच्या नाहीत. चिडायचे मी. एकदा तर मी भर चौकात ओरडले होते, "अगं बायांनो, शेरडाला टोचायला डॉक्टर आला की रांग लावता, आणि पोरांना काय झालंय?" त्यावर एक म्हातारी म्हणाली, "शेरडू दूध देतंय बाई." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, पण घरी जाऊन रडले.

त्या दिवसांत माझ्या बाजूनं उभी राहिली ती एकटी वैजंता. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन माळावर आलो. तिच्या हातचा ठेचा मी खायची, माझ्या घरच्या पाटावरवंट्यावर तिचं वाटण. माझ्या बाळंतपणात तिनं माझी धुणी धुतली. बोलायला अशी पटाईत की रुसलेल्या जावांना एका ताटात जेवायला बसवील. मी आशाबाई झाले तेव्हा ती म्हणाली, "तू नुसती माझ्या मागं उभी ऱ्हा. बोलायचं मी बघते." आणि खरंच वर्षभर ती माझ्याबरोबर घरोघर फिरली. प्राचीला सोबत घ्यायची आणि दाखवायची, ही बघा, टोचलेली पोर. तिच्या शब्दावर एकेक घर उघडत गेलं; काहींनी पोरं टोचून घेतली, बाकीच्या येत्या बुधवारी आणणार होत्या.

राहिलं होतं मालनचं घर. आणि मला घोर होता तो तिच्याच लेकीचा. मालनची दोन मुलं जन्माआधीच गेली होती. ही तिसरी, कार्तिकी, वेळेआधी झाली आणि झाली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. वर्षाची होत आली तरी अंगावर मांस धरत नव्हती. पण हसायची काय गोड! माझी बोटं पकडून ठेवायची, सोडायचीच नाही. खालच्या गावात गोवर आला होता. नदाफ सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुलनताई, बाकीची पोरं कशीतरी निभावतील. हिला गोवर झेपणार नाही. हिला आधी घेऊन या."

म्हणून मालन 'आणते' म्हणाली तेव्हा मी वाटेत वैजंताला मिठीच मारली. ती म्हणाली, "बास बास, येडी झालीस का? लोकं बघत्यात."

मंगळवारी सकाळी मी तिला बोलवायला गेले. बुधवारची आठवण करायला पुन्हा एकदा घरोघर जायचं ठरलं होतं. बघते तर दिवसाउजेडी दार लावलेलं. वैजंताच्या घराचं दार मी दिवसा लावलेलं कधी बघितलं नव्हतं. मागच्या बाजूला गेले. मागच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता. चुलीचा धूर येत होता, पण फोडणीचा वास नाही. स्वैपाकाची वेळ आणि वैजंताच्या घरात फोडणी नाही? आमच्याकडं घरात देवी आली, म्हणजे गोवर-कांजिण्या निघाल्या की फोडणी बंद करतात आणि दाराला लिंब लावतात. परक्या माणसाला आत घेत नाहीत.

मी परकी नव्हते. मी दार ढकललं.

प्राची घोंगड्यावर पडली होती. डोळे लाल, नाक वाहतंय, तोंडावर, मानेवर, पोटावर पुरळ. वैजंता तिच्या उशाशी लिंबाचा पाला हलवत बसली होती. मला बघून ती उठली आणि आधी दार लावून घेतलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्याबाई देवळात गेल्यात, येत्याल एवढ्यात." आत्याबाई म्हणजे तिची सासू.

"अगं, हिला टोचलं होतं ना? माहेरी?"

तिनं पोरीचं पांघरूण सारखं केलं.

"वैजे, मी काय विचारते? टोचलेल्या पोराला एवढा गोवर फुलत नाही गं सहसा. कुठल्या डॉक्टरनं टोचलं? कधी टोचलं?"

"न्हाई टोचलं," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी झालं. "काय?"

"न्हाई टोचलं म्हणते न्हवं! नवसाची हाय ती. आत्याबाईंनी बोललंय, सात वर्सं हिच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई. कात्री न्हाई, सुई न्हाई. तुला ठावं हाय की."

मला काय ठाऊक होतं? मोकळे कान बघितले होते, कमरेपर्यंतचे केस बघितले होते. पण टोचलंय असं ती शंभरदा म्हणाली होती, आणि वैजंता खोटं बोलेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ज्या पोरीच्या अंगाला कात्री लागत नाही तिला सुई कशी लागली, हे वस्तीत एकाही बाईच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

"मग वर्षभर सगळ्यांना सांगत का फिरलीस गं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. मग म्हणाली, "त्यांची पोरं काय नवसाची हुती व्हय?"

म्हणजे माझ्याबरोबर उन्हातान्हात फिरत होती, बोलत होती, ते सगळं दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आणि मी बावळट, तिच्या पाठीमागं उभी राहून माना डोलवत होते! तोंडात शिव्या आल्या होत्या. पण प्राची खोकायला लागली आणि मी खाली बसले. पोरीच्या कपाळावर हात ठेवला. भाजत होतं.

"शंभू कुठाय?" मी विचारलं. शंभू तिचा धाकटा, अडीच वर्षांचा.

"त्याला आईकडं धाडलाय. हिला ताप आला त्याच दिवशी."

"बरं केलंस. आता ऐक. सिस्टरला सांगून हिला औषध आणते मी. पण उद्या तू देवळापाशी यायचंस, आणि खरं सांगायचंस. माझ्या पोरीला टोचलं नव्हतं म्हणून हिला गोवर आला, एवढंच सांग. कुणी तुला खाणार नाही. उलट सगळ्या धावत येतील टोचून घ्यायला."

"आत्याबाई म्हणत्यात, नवस पाळूनबी देवी आली असं वस्तीला कळाया नगं—"

"आत्याबाईंचं मी बघते. तू बोलणार का नाही ते सांग. मालन येणार आहे उद्या. कार्तिकीला आणणार आहे. लपवून ठेवलंस तर दाराचा लिंब काय लपतोय का? आणि मग लोक काय समजतील, कळतंय का तुला?"

तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं माझा हात प्राचीच्या डोक्यावर ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला. "बिरोबाची आण. लेकीची आण. सांगते मी."

मी विश्वास ठेवला. लेकीची आण घेतल्यावर आणखी काय करायचं माणसानं?

बुधवारी देवळापुढं बायका जमल्या, पण सगळ्या लांब लांब उभ्या. वैजंताच्या दाराला लिंब लागल्याचं माळभर झालं होतं. नदाफ सिस्टर पेटी उघडून बसल्या होत्या. मालन आली होती. कार्तिकीला तिनं नवं टोपडं घातलं होतं, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. तानूआजी तिच्या पाठीशी होती.

"ते वैजंताच्या पोरीचं काय झालं गं?" एकीनं मला विचारलं.

"ती येतेय. तीच सांगेल," मी म्हणाले.

आणि वैजंता आली. सासूही बरोबर होती. सासू तिच्या अंगाला अंग लावून चालत होती. वैजंता माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"वैजंताकाकू," मालननं विचारलं, "प्राचीला देवी आल्यात म्हणं? तिला तर टोचलं हुतं न्हवं?"

वैजंतानं सासूकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"टोचलं हुतं की," ती म्हणाली. "टोचूनबी आल्या."

"वैजे!" मी ओरडले.

"खरं ते सांगते मी. टोचलं हुतं. टोचून काय उपेग झाला न्हाई. उलट देवीचा कोप जास्त झाला."

"खोटं बोलतीये ही! काल माझ्यासमोर म्हणाली, नवसाची पोर आहे म्हणून टोचलं नाही! लेकीच्या डोक्यावर हात ठेवून आण घेतलीये हिनं!"

"माझी लेक तिकडं जळतीया," वैजंता म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर फुटला, "आन् मी खोटं बोलीन? सुलने, तुला तुझं काम करायचं असतंय. मला माझी लेक हाय."

झालं. कुणाचं ऐकणार लोक? जिची पोर घोंगड्यावर पडलीये तिचं, की सुईवालीचं? सासू मोठ्यानं रडायला लागली, देवीची माफी मागायला लागली. बायका पोरांना उचलून वळल्या. वर्षभर दारोदार फिरून जमवलेलं सगळं पाच मिनिटांत रिकामं झालं.

मालन मात्र तिथंच उभी होती. ती एकदा माझ्याकडं बघायची, एकदा वैजंताकडं. मी तिच्यासमोर हात जोडले. "मालन, माझं ऐक. फक्त हिला टोचून ने. मी पाया पडते तुझ्या."

"सुलनताई," ती म्हणाली, "तुमी वंगाळ न्हाईसा, ठावं हाय मला. पर काकूंच्या एवढ्या धट्ट्याकट्ट्या पोरीला टोचूनबी आलं. माझ्या बारक्या जिवाचं काय व्हईल?"

तिनं कार्तिकीचं टोपडं सारखं केलं आणि आजीच्या मागून निघून गेली. मी तिच्या दारापर्यंत गेले. आजीनं आतून कडी घातली.

प्राची आठ-दहा दिवसांत बरी झाली. पुन्हा पेरूच्या झाडावर चढायला लागली. वैजंता मला पाण्यावर दिसायची. मी तोंड फिरवायची, तीही फिरवायची. रात्रंदिवस माझ्या मनात एकच, मी हिचं काय वाईट केलं होतं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. मला फसवलं ते माझ्या जिवाच्या मैत्रिणीनं.

मग गोवर माळावर पसरला. टोचायचं राहिलेल्या घराघराला लिंबाचे डहाळे लागले. मोठी पोरं उठली. कार्तिकी नाही उठली. गोवर तिच्या छातीत उतरला. मी रोज दारात जायची, आजी रोज परत पाठवायची. शेवटी एका सकाळी मालनच पोरीला घेऊन माझ्याकडं पळत आली. कार्तिकीच्या बरगड्या खालीवर होत होत्या आणि ओठ निळे पडले होते. मी वडापची जीप थांबवली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बघितल्याबरोबर पोरीला आत घेतलं. नाकाला नळी लावली. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. मालन रडत नव्हती. हातात ते टोपडं घेऊन नुसती बसली होती. समोर लस टोचायची खोली होती. दाराशी लेकुरवाळ्यांची रांग, कुणी पोराला खेळवतंय, कुणी चापटी मारतंय. त्या दाराकडं बघवेना म्हणून मी मान खाली घातली.

आतून नर्सचा आवाज आला, "गोवराची लस झाली हं याची. कापूस दाबून धरा. रात्री ताप आला तर घाबरू नका."

"न्हाई घाबरत," कुणीतरी म्हणालं. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

वैजंता बाहेर आली. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. कडेवर शंभू, भोकाड पसरलेला. एका हातानं ती त्याच्या दंडावर कापूस दाबून धरत होती. ती माहेराहून त्याला परस्पर इथं घेऊन आली होती, माळावर कुणाला कळू नये म्हणून. दोन पावलं पुढं आली आणि तिला आम्ही दिसलो.

तिचं तोंड पांढरं पडलं. मालननं आधी तिच्याकडं बघितलं, मग शंभूच्या दंडाकडं. उठली, जवळ गेली, वैजंताचं बोट बाजूला केलं आणि कापूस उचलून बघितला. रक्ताचा टिपका होता. मालननं कापूस पुन्हा जागेवर ठेवला आणि बाकावर येऊन बसली.

"सुलने," वैजंता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वस्तीवर सांगू नगं गं. आत्याबाई घरात ठेवायच्या न्हाईत मला. प्राचीचं बघून लई भ्याले मी. हा तरी वाचावा म्हणून..."

"आणि बाकीच्यांची?" मी विचारलं.

तिनं शंभूला पदराखाली घेतलं आणि एसटी स्टँडच्या दिशेनं भराभरा चालत गेली.

कार्तिकी त्याच दुपारी गेली.

आम्ही तिला माळावर आणली, ओढ्याकाठी ठेवली. त्या घरात तेव्हा कुठला विषय काढणार? मी गप्प राहिले. मालनही गप्प होती. पाणीसुद्धा तिला बळेच पाजावं लागत होतं.

दोन दिवसांनी वस्तीतल्या सगळ्या बायका तिला भेटायला आल्या. अंगणात दाटीवाटीनं बसल्या. वैजंताही आली. बायकांनी तिला पुढं जागा करून दिली. ती मालनच्या शेजारी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत मोठ्यानं रडायला लागली. "कसं गं सोनं गेलं माझं, कसं गं देवीनं नेलं!" तिच्याबरोबर आणखी चारजणी रडायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या दारात भांडण नको म्हणून मी ओठ दाबून बसले.

मालननं तिचा हात पाठीवरून काढला आणि तिच्या मांडीवर ठेवून दिला. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"काकू," ती म्हणाली, "त्या बुधवारी मला एकटीला तरी कानात सांगायचं हुतं."

रडणं थांबलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "काय सांगायचं हुतं?" तानूआजीनं विचारलं. वैजंतानं मान खाली घातली. आजीनं मग माझ्याकडं बघितलं. "सुलन, काय सांगायचं हुतं?"

मी सांगितलं. नवस सांगितला, मंगळवार सांगितला, लेकीच्या डोक्यावरचा हात सांगितला, दवाखान्यातला कापूस सांगितला. वैजंताची सासू समोर बसलेली असताना सगळं सांगितलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढच्या लशीच्या बुधवारी माळावरच्या बायका न बोलावता पोरं घेऊन आल्या आणि आजही येतात. तानूआजी जिवंत होती तोवर सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. वैजंताशी मी पुन्हा कधी बोलले नाही. पण ते अंगण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी सांगत होते आणि ती मान खाली घालून ऐकत होती. खोटं आहे, असं ती या खेपेला एकदाही म्हणाली नाही.